चमकता दिवा आणि त्याच्या शेजारची पाटी

रस्त्यावरून वाहन हांकणाऱ्या मनुष्यास दोन तऱ्हांनीं सूचना देतां येते. एक तऱ्हा पाटीची. पाटी आपल्या जागीं मुकाट्यानें उभी असते. जो तिच्याकडे पाहील त्यासच ती आपला निरोप सांगते. दुसरी तऱ्हा दिव्याची. दिवा, विशेषतः उघडझाप करणारा दिवा, कोणी पाहील म्हणून वाट पाहत बसत नाहीं. तो नजर आपल्याकडे ओढून घेतो. पण ओढून घेतल्यावर सांगण्यासारखें त्याच्यापाशीं फारसें कांहीं नसतें. 'सावध' एवढा एकच शब्द तो बोलतो. कोणास जपावयाचें, कोठें जपावयाचें, हें पाटीनें सांगावयाचें असतें. ह्यास्तव पादचाऱ्यांच्या रस्ता ओलांडण्याच्या जागीं हल्लीं पुष्कळ देशांत दोघांची जोडी लावितात: पाटी, आणि तिच्या अगदीं लगत चमकता दिवा. योजना सयुक्तिक दिसते. मात्र ह्या जोडीपैकीं एक जण दुसऱ्याच्या कामांत विघ्न आणतो कीं काय, असा प्रश्न अभियंत्यांपुढें उभा राहिला. आणि त्याचें उत्तर शोधतांना जें निष्पन्न झालें तें पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस उद्बोधक होईल असें आम्हांस वाटतें.

पूर्वेतिहास थोडक्यांत सांगूं. इंग्लंडांत १९३४ सालीं लेस्ली होर-बेलिशा हे वाहतूकमंत्री असतांना काळ्यापांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा बसवून ओलांडण्याच्या जागा दाखविण्यांत येऊं लागल्या. त्या खांबांस अद्यापिही 'बेलिशा बीकन' असेंच म्हणतात. १९५१ सालीं त्या जागीं खालीं रस्त्यावरच काळेपांढरे पट्टे आले आणि आपण ज्यास झेब्रा क्रॉसिंग म्हणतों तें रूढ झालें; वरचा गोळाही पुढें लुकलुकूं लागला. अमेरिकेंत निराळाच दिवा निघाला, आणि ह्या लेखाचा विषय मुख्यतः तो आहे. तो गोल नसून आयताकृति आहे. सुमारें पांच इंच लांब व दोन इंच उंच अशा पिवळ्या प्रकाशाच्या दोन चपट्या पेट्या शेजारीं शेजारीं आडव्या बसवितात. त्यांच्या वर कोनावर उभी केलेली चौकोनी पाटी असते, व तीवर चालणाऱ्या मनुष्याची काळी आकृति. खालीं ओलांडण्याच्या जागेकडे रोंखलेला तिरपा बाण. एरवीं दिवे विझलेले असतात. रस्ता ओलांडूं इच्छिणाऱ्यानें खांबावरील कळ दाबली, कीं ते ठराविक वेळ भराभर चमकतात व पुन्हां विझतात. २००८ सालीं तेथील मध्यवर्ती महामार्ग-खात्यानें त्यांस तात्पुरती मान्यता दिली.

दिवे प्रभावी ठरले ह्यांत शंका नाहीं. तीन शहरांतील २२ जागीं ते बसवून निरीक्षण केलें, तों बाविसांच्या बाविसही जागीं पादचाऱ्यास वाट देणाऱ्या चालकांचें प्रमाण वाढलें. पैकीं १८ जागांवर दोन वर्षें नजर ठेविली, आणि ती वाढ टिकून राहिली. साध्या गोल पिवळ्या दिव्यापेक्षां ह्यांचा परिणाम स्पष्टपणें अधिक होता. लक्ष वेधण्याच्या परीक्षेंत दिवा अशा रीतीनें उत्तीर्ण झाला. वाचूं देण्याची परीक्षा मात्र वेगळी आहे.

आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलाचा जो भाग बारकावे ओळखतो तो फार लहान आहे. हात पुढें लांब करून आंगठ्याच्या नखाकडे पाहावें. तें नख जेवढी जागा व्यापतें, साधारण तेवढ्याच जागेंतील अक्षरें व आकृति आपणांस एका वेळीं नीट दिसतात. बाकीच्या विस्तीर्ण भागास वाचतां येत नाहीं. परंतु हालचाल आणि लुकलुक त्यास चटकन कळते. घरांतील पहारेकरी आणि घरांतील पंडित असे हे दोन भाग आहेत म्हणाना. पहारेकऱ्यानें हांक मारली कीं पंडित मान वळवितो आणि तिकडे पाहतो. उघडझाप करणारा दिवा पहारेकऱ्यास उठवितो, हें ठीकच झालें. पण मान वळविल्यावर पंडितास काय दिसतें? दिवा दिसतो. त्याला पाहावयाचें असतें तें दिव्याच्या वर असलेलें चित्र, आणि दिव्याच्या बाजूस उभें असलेलें माणूस.

येथें पहिली अडचण अशी. चमक क्षणिक असली म्हणजे ती किती तेजस्वी भासते हें ठरविणें सोपें नाहीं. दीपस्तंभांच्या प्रकाशाविषयीं विचार करतांना आंद्रे ब्लोंदेल व झ्यूल रे ह्या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९११ सालीं असें दाखविलें कीं, दुरून जेमतेम दिसणारा प्रकाश क्षणभरच चमकला तर आहे त्याहून मंद भासतो. चमक जितके सेकंद टिकते त्या संख्येस, तीच संख्या अधिक ०.२ ह्यानें भागावें. जो अपूर्णांक येईल तो भासमान तेजाचा हिस्सा होय. चमक सेकंदाचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ सेकंद टिकली, तर ०.०५ ÷ ०.२५, म्हणजे एक पंचमांश. ह्यावरून कोणी म्हणेल कीं, पंचमांशच भासते तर दिवा पांचपट प्रखर करावा. भर उन्हांत ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु हें सूत्र अंधुक प्रकाशाचें आहे. प्रखर प्रकाशाच्या बाबतींत गोष्ट उलटते. ब्रोका व सुल्झर ह्यांस १९०२ सालींच आढळून आलें होतें कीं, सेकंदाचा विसावा ते दहावा भाग टिकणारी तेजस्वी चमक तितक्याच शक्तीच्या अखंड दिव्याहूनही अधिक तेजस्वी भासते. तेव्हां दुपारच्या उन्हाशीं टक्कर देण्यासाठीं जो दिवा केला, तोच तसाच रात्रीं चालविला तर डोळ्यावर काय बेतेल तें निराळें सांगावयास नको.

दुसरी अडचण ह्याहून महत्त्वाची आहे, आणि तिचें गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहण्याजोगें आहे.

डोळा अगदीं निर्मळ काचेसारखा नाहीं. डोळ्यांतील भिंगांतून व द्रवांतून जातांना तीव्र प्रकाशाचा कांहीं अंश विखुरतो आणि दृष्टिपटलावर पातळ धुक्यासारखा पसरतो. दिव्याची प्रतिमा एका लहानशा ठिकाणीं पडते, पण हें धुकें तिच्या भोंवतीं सर्वत्र असतें. त्यामुळें शेजारच्या वस्तूंवर जणूं मलमलीचा पडदा येतो. दिव्याखालीं अंधार ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. येथें वस्तु अंधारांत नसूनही दिसत नाहीं, कारण तिच्यावर प्रकाशाचेंच आच्छादन पडलेलें असतें. अमेरिकेंतील हॉलडे ह्यानें १९२६ सालीं व इंग्लंडांतील स्टाइल्स ह्यानें १९२९ सालीं ह्या पडद्याचें मोजमाप केलें. त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा नियम असा: दिव्यापासून डोळ्यावर पडणारा प्रकाश लक्समध्यें घ्यावा, त्यास दहांनीं गुणावें, आणि दिवा व पाहावयाची वस्तु ह्यांमधील कोनाच्या अंशांच्या वर्गानें भागावें; उत्तर पडद्याचें तेज होय, दर चौरस मीटरास इतके कँडेला. एक अंशापासून तीस अंशांपर्यंत हा नियम चांगला लागू पडतो.

एक कल्पित उदाहरण घेऊं. दिव्याची शक्ति १००० कँडेला आहे. चालक ६० मीटरांवर आहे. दिव्यापासून दीड मीटर बाजूस एक मूल रस्ता ओलांडण्यासाठीं उभें आहे. डोळ्यावर पडणारा प्रकाश १००० ÷ ३६००, म्हणजे सुमारें ०.२८ लक्स. कोन सुमारें १.४३ अंश, त्याचा वर्ग सुमारें २.०५. दहांनीं गुणून भागिलें असतां पडद्याचें तेज सुमारें १.३६ येतें. दिवे असलेल्या शहरी रस्त्याचें रात्रींचें तेज साधारणतः १ च्या आसपास असतें. म्हणजे डोळ्यांतला पडदा मागच्या रस्त्याहूनही अधिक उजळ झाला! समजा, रस्त्याचें तेज १ असून मुलाच्या कपड्यांचें ०.६ आहे. फरक ०.४, म्हणजे पार्श्वभूमीच्या चाळीस टक्के. एवढ्या फरकानें मूल स्पष्ट दिसेल. आतां दोहोंमध्यें १.३६ मिळवा. फरक ०.४ च राहिला, पण पार्श्वभूमि २.३६ झाली, फरकाचें प्रमाण चाळिसावरून सतरा टक्क्यांवर आलें. मूल तेथेंच आहे, त्यावर पडणारा प्रकाशही तितकाच आहे. पण तें रस्त्याच्या रंगांत मिसळूं लागलें.

एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, गाडी जवळ येईल तसा कोन वाढेल व पडदा विरळ होईल. त्यानें तीस मीटरांवर पुन्हां हिशेब करावा. कोन दुप्पट होतो, त्याचा वर्ग चौपट होतो, हें खरें. परंतु अंतर निम्में झाल्यानें डोळ्यावर पडणारा प्रकाशही चौपट होतो. भागाकार जवळ जवळ तोच राहतो. दिवा चालकाकडे सारख्याच शक्तीनें प्रकाश टाकीत असेल तर जवळ गेल्यानें पडदा हटत नाहीं. मूल मोठें दिसूं लागतें एवढाच काय तो लाभ. आम्हांस हें गणित प्रथम पाहतांना मोठें चमत्कारिक वाटलें. पडदा कमी करावयाचा तर एक तर दिव्याची शक्ति कमी केली पाहिजे, नाहीं तर दिवा आणि माणूस ह्यांमधील जागा वाढविली पाहिजे. दीड मीटरांचे तीन मीटर केले तर पडदा चौथा हिस्सा उरतो.

पाटीचें काय, असें कोणी विचारील. पाटीवर मोटारीच्या दिव्यांचा प्रकाश आल्या वाटेनें परत पाठविणारा पत्रा असतो. म्हणून ती रात्रींही मुलाच्या कपड्यांहून पुष्कळ उजळ असते. हा तिचा फायदा. पण ती दिव्याच्या अगदीं अंगास लागून आहे, कोन अंशाहूनही लहान. म्हणून तिच्यावरील पडदा फार दाट. पिवळेपणा दिसतो, आंतील आकृति व विशेषतः खालचा बाण पुसट होतो. वयाचाही येथें संबंध आहे. वाढत्या वयाबरोबर भिंग गढूळ होत जातें, आणि प्रचलित सूत्राप्रमाणें सत्तर वर्षांच्या डोळ्यांत हा पडदा तरुणाच्या डोळ्यांतल्यापेक्षां सुमारें दुप्पट असतो. एकच दिवा नातवास सुसह्य व आजोबांस असह्य होतो तो ह्यामुळें.

ज्यांस गणिताचा कंटाळा असेल त्यांनीं घरीं एक साधा प्रयोग करावा. संध्याकाळीं मंद उजेडाच्या खोलींत भिंतीवर एक छापील कागद लावावा, आणि ज्या अंतरावरून त्यांतील अक्षरें जेमतेम वाचतां येतील तेथें उभें राहावें. मग कागदाच्या कडेशीं विजेची बत्ती आपल्याकडे तोंड करून दुसऱ्या कोणास धरावयास सांगावें. अक्षरें नाहींशीं होतात. बत्तीच्या तोंडावर पुठ्ठा धरतांच अक्षरें परत येतात. पुठ्ठा मागेंपुढें हालवीत राहिलें असतां अक्षरें येतात आणि जातात. हा प्रयोग करतांना ध्यानांत येतें कीं, आपण कागद वाचतों तो बत्ती लागलेली असतांना नव्हे, झांकलेली असतांना. (बत्ती मंद असावी, आणि लेझरची तर मुळींच नसावी, हें लहान मुलांस बजावून सांगतों.)

आतां अभियंत्यांनीं काय केलें तें पाहूं. आरंभीं ह्या आयताकृति दिव्यांची लय अशी होती कीं, एका बाजूचा दिवा दोनदां सावकाश, तर दुसऱ्या बाजूचा चारदां झटपट व एकदां लांब चमके. २०१४ सालीं दुसरी एक लय मान्य झाली. तीत एक आवर्तन ०.८ सेकंदाचें, म्हणजे मिनिटास ७५ आवर्तनें. डावा, उजवा, डावा, उजवा, मग दोन्ही, पुन्हां दोन्ही. प्रत्येक चमक सेकंदाच्या विसाव्या भागाची, दोन चमकांच्या मध्यें तितकाच काळोख, आणि शेवटच्या चमकेनंतर पाव सेकंद पूर्ण काळोख. बेरीज केली तर ०.८ सेकंदांत प्रकाश केवळ ०.३ सेकंद आणि काळोख ०.५ सेकंद. ही लय पसंत करण्याचें जें कारण खात्यानें दिलें तें आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणांतील मर्म आहे: काळोखाचा वाटा जास्त असल्यामुळें चालकास पाटी वाचणें व थांबलेला पादचारी पाहणें सोपें जातें. वाट देण्याचें प्रमाण दोन्ही लयींत सारखेंच आढळलें. म्हणजे उजेड कमी केल्यानें लक्ष वेधण्याच्या कामांत तूट आली नाहीं.

तो शेवटचा पाव सेकंद विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. मनुष्य वाचतांना किंवा पाहतांना नजर एकसारखी सरकवीत नाहीं. ती उड्या घेते आणि प्रत्येक ठिकाणीं साधारण पाव सेकंदाच्या मानानें स्थिरावते. एका आवर्तनांत मिळणारा अखंड काळोख म्हणजे नजरेचा एक मुक्काम. ताशीं ५० किलोमीटर वेगानें येणारी मोटार सेकंदास सुमारें १४ मीटर जाते. धोका ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबावयास १४ मीटर धरले, तर एकंदर सुमारें ३५ मीटर लागतात. ६० मीटरांवरून दिवा दिसला असेल तर निर्णयासाठीं २५ मीटर उरले, म्हणजे १.८ सेकंद. त्यांत आवर्तनें किती? दोन. तेवढ्या दोन मुक्कामांत त्यास पाहावयाचें आहे कीं, माणूस कोणत्या बाजूस आहे, एक आहे कीं दोन, आणि मोठ्याच्या मागें एखादें लहान मूल पुढें धांवण्याच्या बेतांत तर नाहीं. ज्या दिव्यास असा विराम नाहीं तो ह्या दोन संधींपैकीं एकही धड देत नाहीं. 'कोणीतरी आहे' हें तो ओरडून सांगतो, आणि तें कोण तें झांकून टाकतो.

लयीखेरीज आणखी दोन उपाय योजिले गेले. रात्रीं दिव्याचें तेज आपोआप उतरविणारें साधन वापरावें अशी शिफारस अमेरिकी नियमांत आहे. आमच्या उदाहरणांतील १००० कँडेला २०० वर आणिले तर १.३६ चा पडदा ०.२७ होतो. दुसरें, दिवा पाटीच्या खालीं न बसवितां वर बसविण्यासही पुढें मुभा मिळाली. वरील गणित ज्यानें केलें असेल त्यास ह्याचें कारण सांगावें लागणार नाहीं: खांबाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यापासून दिवा तितकाच दूर गेला.

मध्यंतरी एक विचित्र प्रकार घडला. हे दिवे पेटंटाखालीं होते, आणि मालकी हक्क असलेलीं साधनें नियमावलींत घेऊं नयेत असा त्या खात्याचा दंडक. म्हणून डिसेंबर २०१७ मध्यें मान्यताच काढून घेण्यांत आली. मार्च २०१८ मध्यें पेटंटाची अडचण दूर होऊन ती पुन्हां मिळाली, आणि त्या वेळेपासून वर सांगितलेली काळोखाची लय एवढीच एक ग्राह्य ठरली. डिसेंबर २०२३ मधील नियमावलीच्या अकराव्या आवृत्तींत हे दिवे कायमचे दाखल झाले. मधले ते तीन महिने नवे दिवे बसवितां येत नव्हते, आणि पादचारी तर रस्ते ओलांडीतच होते.

आपल्याकडे महाराष्ट्रांत शाळांपुढें, घाटाच्या तोंडाशीं व चौकांत सौरशक्तीवर चालणारे पिवळे किंवा तांबडे ब्लिंकर पुष्कळ दिसतात. त्यांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांतले बहुतेक कोणी रस्ता ओलांडीत असो वा नसो, रात्रंदिवस एकाच तऱ्हेनें लुकलुकत असतात. जो पहारेकरी चोर नसतांनाही अखंड हांका मारतो त्याच्या हांकेनें कोणी उठत नाहीं. शिवाय पाटी व ब्लिंकर ह्यांची सांगड घालतांना दिवा किती प्रखर, रात्रीं तो उतरतो कीं नाहीं, पाटीपासून किती अंतरावर, हें पाहिलें जातें असें पुष्कळ ठिकाणीं तरी दिसत नाहीं; तांबड्या कडेच्या त्रिकोणांतील चालणारा मनुष्य शेजारच्या लखलखाटांत दिसेनासा होतो. ज्या विद्यार्थ्यांच्या घरच्या वाटेवर असा ब्लिंकर असेल त्यांनीं मोठ्या माणसाबरोबर, रस्त्याच्या कडेस सुरक्षित उभें राहून, दिवसा व सांजवेळीं तो पाहावा, आणि कोणत्या अंतरावरून पाटी वाचतां येते तें पावलांनीं मोजावें. तो आंकडा वहींत लिहून आणल्यास वर्गांत त्याचा उपयोग होईल.

शेवटीं ह्या दिव्याच्या मर्यादेविषयीं एक बारीकसा नियम सांगतों. हा दिवा तांबड्या सिग्नलासारखा गाडी थांबवीत नाहीं. चालकास दिसलें, समजलें आणि त्यानें मनावर घेतलें तरच गाडी थांबते. ज्यांस डोळ्यांनीं दिसत नाहीं अशा पादचाऱ्यांसाठीं अमेरिकेंत खांबावर बोलणारें यंत्र बसविण्याची सोय आहे. 'आतां ओलांडा' असें तें म्हणत नाहीं. कळ दाबली असतां 'पिवळे दिवे लुकलुकत आहेत' एवढेंच वाक्य तें दोनदां उच्चारतें. गाड्या थांबल्या कीं नाहीं हें त्या आंधळ्या पांथस्थानें मग कान देऊन स्वतःच ठरवावयाचें असतें.